लिलेहामरच्या तळघरातील मेणाच्या डब्या

नॉर्वेत स्कीच्या शर्यतीत एखादा नावाजलेला गडी मागे पडला, की लोकांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो. स्मोरेबोम. म्हणजे मेण चुकले. आपल्याकडे ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ म्हणतात, तसलाच हा बहाणा असावा असे मला प्रथम वाटले. पण तिथे चार आठवडे राहून आल्यावर सांगते, पुष्कळदा अंगण खरोखरच वाकडे असते. 2014 साली रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिम्पिक झाले. नॉर्वे म्हणजे या खेळाचे माहेरघर, तरी त्यांच्या महिला रिलेत पाचव्या आल्या आणि पुरुष चौथे. देशात चर्चा झाली ती खेळाडूंपेक्षा मेणाची. स्कीच्या तळाला त्या दिवशी काय चोपडले होते, कोणी ठरवले, कशावर ठरवले, यावर मोठमोठी माणसे भांडत होती.

वाचक भगिनींना प्रश्न पडेल, की रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा या मेणाशी संबंध काय? संबंध माझ्या भाच्यामुळे आला. थोरल्या आपाचा हा मुलगा म्योसा तळ्याच्या काठी एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि बायको-मुलीसह लिलेहामरला राहतो. “खाला, उन्हाळ्यात सगळेच येतात, तुम्ही थंडीत या,” असा त्याचा आग्रह होता. थंडीत म्हणजे काय, हे जानेवारीच्या अखेरीस आगगाडीतून उतरले तेव्हा कळले. नाकातला ओलावा गोठतो आणि श्वास घेताना आतून कोणी चिमटा काढल्यासारखे होते.

लिलेहामर ओस्लोच्या उत्तरेला आगगाडीने दोन तासांहून थोडे अधिक अंतरावर आहे. वाटेत बराच वेळ म्योसा तळे सोबत असते. नॉर्वेतले हे सर्वांत मोठे तळे शंभर किलोमीटरहून अधिक लांब आहे. त्याच्या वरच्या टोकाला उतारावर हे गाव वसले आहे. वस्ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. तरी 1994 चे हिवाळी ऑलिम्पिक याच गावाने भरवले. स्तूरगाता नावाचा जुना बाजाररस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी दर्शनी भागांची दुकाने, वर डोंगरात उड्या मारण्याच्या स्कीचा पांढराशुभ्र उतार. गावाच्या चिन्हावरसुद्धा स्कीवर उभा असलेला माणूस आहे. तो बिर्केबाइनर, म्हणजे मध्ययुगातला एक बंडखोर सैनिक. 1206 मध्ये यादवी चालू असताना अशाच दोन सैनिकांनी राजाच्या तान्ह्या मुलाला, होकोनला, शत्रूपासून वाचवण्यासाठी बर्फाळ डोंगरातून उचलून नेले. ते मूल पुढे राजा झाले. त्याची आठवण म्हणून दर मार्च महिन्यात रेना ते लिलेहामर अशी 54 किलोमीटरची शर्यत होते. प्रत्येक स्पर्धकाच्या पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे असावे लागते, त्या तान्ह्या मुलाच्या वजनाचे. घरोघरी स्कीचे वेड का, हे एवढ्यावरून समजते.

एक गंमत सांगते. आपण ‘स्की’ म्हणतो, तिथे त्याचा उच्चार ‘शी’ होतो. शाळेच्या स्कीच्या दिवसाला ‘शीदाग’. भाच्याची दहा वर्षांची मुलगी सकाळी उठून “दादी, आज शी!” असे आनंदाने ओरडायची, तेव्हा माझ्या मराठी कानाला काय वाटत असेल याची कल्पना करा. मूळ शब्दाचा अर्थ चिरलेले लाकूड, फळी, एवढाच.

आता मेणाकडे येते. भाच्याच्या घराला तळघर आहे. त्यात एक लांब बाक, त्यावर स्की पालथी घट्ट बसवायची पकड, इस्त्री, बुचाचे ठोकळे, ब्रश आणि भिंतीवरच्या फळीवर रंगीबेरंगी डब्या. हिरवी, निळी, जांभळी, लाल, चंदेरी. मला ती एखाद्या चित्रकाराची खोली वाटली. भाचा म्हणाला, “खाला, याला आम्ही स्मोरिंग म्हणतो. पावाला लोणी लावायचे क्रियापदही तेच.” त्यांच्याकडे धीर धरायला सांगताना ‘धीराचे लेपण लाव’ अशा अर्थाचा वाक्प्रचारही आहे. तळघरातला भाचा पाहिल्यावर तो वाक्प्रचार कुठून आला असेल, याचा मला फार विचार करावा लागला नाही.

सपाट आणि चढउताराच्या रानात चालण्याची जी स्की असते, तिच्या तळाला दोन प्रकारचे मेण लागते, आणि ती दोन एकमेकांच्या उलट कामाची आहेत. टोकाला आणि शेपटीला घसरण्याचे मेण. ते पॅराफिनचे असते, इस्त्रीने वितळवून भरतात, थंड झाल्यावर खरवडून काढतात आणि ब्रशने घासतात. मधल्या भागाला, पायाच्या खाली, पकडीचे मेण. स्की धनुष्यासारखी थोडी वाकलेली असते. दोन्ही पायांवर वजन सारखे असते तेव्हा मधला भाग बर्फाला जेमतेम टेकतो आणि स्की घसरते. एका पायावर सगळे वजन देऊन मागे रेटा दिला, की मधला भाग दाबला जातो, बर्फाचे कण मेणात रुततात आणि क्षणभर स्की जागच्या जागी धरली जाते. त्या क्षणाच्या आधारावर माणूस पुढे सरकतो. वजन काढले की कण सुटले पाहिजेत. रुतणे आणि सुटणे, दोन्ही झाले पाहिजे. मेण फार कडक असेल तर कण रुततच नाहीत आणि पाय मागे सटकतो. याला ते ‘बाकग्लात’ म्हणतात, मागच्या मागे घसरणे. मेण फार मऊ असेल तर कण रुतून बसतात, त्यांच्यावर बर्फ साचतो आणि पायाखाली लाडू तयार होतो. मग स्की हातात घेऊन चालत घरी.

ताजा बर्फ टोकदार कणांचा असतो, त्याला कडक मेण पुरते. जुना, वितळून परत गोठलेला बर्फ गोलसर कणांचा. त्याला मऊ मेण लागते, आणि अगदी घोटून काचेसारखा झाला किंवा ओला झाला तर डबीतले मेण सोडून ट्यूबमधला ‘क्लिस्टर’ लावायचा. तो मधासारखा चिकट असतो आणि हाताला, केसांना, दाराच्या कडीला सगळीकडे लागतो. भाचेसुनेने घरात एक कायदा केला आहे, की क्लिस्टरचे हात घेऊन कोणी वर यायचे नाही.

आणि आता माझ्या लेखाचा विषय. फळीवरच्या डब्या एका कंपनीच्या नव्हत्या. स्विक्स नॉर्वेची, आणि तिचे मुख्य ठाणे अनेक वर्षे लिलेहामरातच आहे, त्यामुळे गावाला तिचा अभिमान. पण शेजारी इटलीची रोडे, स्वित्झर्लंडची टोको, फिनलंडच्या स्टार्ट, रेक्स आणि वाउहती, स्वीडनची स्कीगो, जर्मनीची होल्मेनकोल. ही शेवटची जर्मन असून नाव मात्र ओस्लोच्या होल्मेनकोलेन टेकडीवरून घेतलेले. म्हटले, एवढ्या कंपन्या कशाला? भाचा म्हणाला, “प्रत्येकीची एखादी डबी चांगली निघते. सगळ्या चांगल्या एकीच्याही नाहीत.” मग एका स्कीवर दोन कंपन्यांचे मेण चालते का? या प्रश्नावर तिथली माणसे जेवण थंड करतात. कोणी म्हणते अजिबात नको, कंपनीने आपापल्या डब्या एकमेकींसाठी केलेल्या असतात. कोणी म्हणते मेण ते मेण.

मला याचे उत्तर शेजारच्या आजोबांकडून मिळाले. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, गल्लीतली सगळी मुले त्यांना बेस्तेफार, म्हणजे आजोबाच, म्हणतात. नॉर्वेजियन भाषेत ‘अहो-जाहो’ जवळपास उरलेलेच नाही. दहा वर्षांची मुलगी ऐंशी वर्षांच्या माणसाला ‘तू’ म्हणते. आमची मुलगी मात्र त्यांच्याविषयी घरात बोलताना मराठीत ‘ते’ म्हणते. मला बरे वाटले.

आजोबांची पहिली स्की लाकडाची होती. लाकडी स्कीला आधी पाइनचे डांबर तापवून पाजायचे. त्याची बाटली त्यांनी मला हुंगायला दिली आणि मी एकदम हर्णैच्या किनाऱ्यावर पोहोचले. लहानपणी पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढून बुडाला तेल आणि राळ चोपडायचे, तो वास. लाकूड पाण्यापासून वाचवायचे, मग ते पाणी खारे असो की गोठलेले. हुन्नर एकच. मी तसे म्हटले, भाच्याने भाषांतर केले, आणि आजोबांनी मान हलवून मला दुसऱ्यांदा कॉफी विचारली. हा तिथला मोठा सन्मान समजावा.

ते म्हणाले, मिसळणे हेच मूळ आहे, डबी नंतर आली. आणि ते खरे आहे. 1860 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डोंगरात सोन्याच्या खाणीतले मजूर लांबलचक फळ्यांवरून शर्यती लावायचे. त्यांच्या वेळी दुकानातले मेण नव्हते. देवमाशाच्या डोक्यातली चरबी, पाइनचा चीक, कापूर, एरंडेल असे काहीबाही उकळून जो तो आपले लेपण करी, आणि कृती जिवापाड लपवून ठेवी. नॉर्वेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ओस्तब्यू नावाच्या स्कीपटूने क्लिस्टरचे पेटंट घेतले. त्या काळी मेणबत्त्या, सायकलच्या जुन्या ट्यूबा, फुटक्या ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा भांड्यात पडत, असे आजोबा सांगत होते. घरातली आई चुलीपाशी उभी राहायला तयार नसे, एवढा त्याचा दर्प.

मग 1946 मध्ये स्वीडनमध्ये स्विक्स निघाली. आस्त्रा या औषधांच्या कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी आणि मार्टिन मात्सबो या ऑलिम्पिक पदकविजेत्या स्कीपटूने मिळून मेणाला शिस्त लावली. थंडीला हिरवे, शून्याच्या आसपास निळे, शून्याच्या वर लाल. अक्षर न ओळखणाऱ्यालाही कळेल अशी सोय. या रंगांनी घरगुती मडकी बंद पाडली. निळी डबी तर नॉर्वेच्या बोलीत शिरली. हवा छान कोरडी-थंड असेल, बर्फ नवा असेल, तर ते म्हणतात आज ‘ब्लोस्विक्स’ आहे, म्हणजे निळ्या स्विक्सचा दिवस.

गंमत अशी, की रंग सगळ्या कंपन्यांनी उचलले, अंश मात्र आपापले ठेवले. स्विक्सच्या ‘निळी एक्स्ट्रा’वर उणे 1 ते उणे 7 लिहिलेले असते. दुसऱ्या कंपनीची निळी घेतली तर तिचा पट्टा वेगळा. एकीची जांभळी दुसरीच्या लालकडे झुकते. त्यातही डबीवर ताज्या बर्फासाठी एक आकडा आणि जुन्या बर्फासाठी दुसरा असू शकतो. म्हणजे रंगावर रंग ठेवून मेण मिसळणारा फसणारच. आपल्याकडे दोन दुकानांतून ‘मध्यम तिखट’ मसाला घेऊन एकाच रश्शात घातल्यासारखे.

आजोबांचा नियम सोपा होता. कंपनी विसरा, कडक कोणते आणि मऊ कोणते ते बघा. त्यांनी दोन डब्यांवर अंगठ्याचे नख रोवून दाखवले. कडक खाली, मऊ वर. उलटे कधीच नाही, कारण मऊ थरावर कडक मेण घासायला गेलात तर ते बसत नाही, खालच्याला ओढून गोळे करते. थंडी वाढली आणि कडक मेणाची गरज पडली, तर आधीचे मऊ खरवडून काढा, मग लावा. थर पातळ, प्रत्येक थर बुचाने घासून गुळगुळीत, आणि एका जाड थराऐवजी चार पातळ. हे पाळले तर खालचा थर इटलीचा आणि वरचा फिनलंडचा असला तरी बर्फाला त्याचे काही नाही.

घसरण्याच्या मेणाचे आणखी सोपे. पॅराफिन पॅराफिनात वितळते. थंडीची वडी आणि उबेची वडी एकाच वेळी इस्त्रीला लावून शेजारी शेजारी थेंब पाडले, की मधल्या हवेचे मेण होते. मुद्दा फक्त इस्त्रीचा. कडक मेणाला दीडशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, मऊला एकशे वीसच्या आसपास. जास्तीच्या आकड्यावर मऊ मेण धूर सोडते, आणि धूर दिसला की समजावे इस्त्री जादा तापली. आजच्या स्कीचा तळ प्लॅस्टिकचा असतो. 1974 मध्ये स्वीडनच्या फालुनमध्ये जागतिक स्पर्धेत प्लॅस्टिकच्या स्कीवर विजय मिळाला आणि लाकडी स्की बघता बघता मागे पडली. तो तळ जळला तर कोणत्याच कंपनीचे मेण त्यात मुरत नाही. पकडीचे मेण मात्र टोका-शेपटीवर येऊ द्यायचे नाही, आणि पॅराफिन मधल्या पट्ट्यात जाऊ द्यायचे नाही. खरे न मिसळण्याजोगे मिश्रण हेच.

हे सगळे प्रत्यक्षात पाहिले ते एका रविवारी. घरासमोर उणे 16 होते. आम्ही गाडीने शूशोएनला निघालो. हे डोंगरावरचे पठार गावापासून अर्ध्या तासावर आहे, आणि हिवाळ्यात तिथे यंत्राने आखलेल्या वाटा शेकडो किलोमीटर पसरलेल्या असतात. मला वाटले वर आणखी गारठा असेल. पण शांत हवेत जड थंडी खाली दरीत, तळ्यावर साचून राहते आणि वर ऊब असते. वर उणे 6 निघाले. भाच्याने घरून हिरवे लावून आणले होते. त्याच्यावर गाडीच्या मागच्या दारात उभे राहून निळी एक्स्ट्राचे दोन थर चढवले, आणि जिथे जंगलातली वाट घासून गुळगुळीत झाली होती तिथे फिनलंडच्या जांभळीचा एक हात मधोमध, वीतभर जागेत. तीन डब्या, दोन देश. मुलगी उड्या मारत चढ चढली. मी आपली बिनमेणाची, केसाळ पट्टी चिकटवलेल्या भाड्याच्या स्कीवर, दोन्ही हातांत काठ्या धरून, पाण्यातल्या बदकासारखी. दोनशे पावले झाल्यावर शेकोटीपाशी बसले आणि ओस्लोच्या ग्रोनलांड भागातून आणलेले हलाल सॉसेज काठीला खोचून भाजण्याचे काम स्वतःकडे घेतले. त्या कामात मला कोणी मागे टाकले नाही.

परत आलो तर दारात आजोबा एक खोके घेऊन उभे. मुलीची पुढच्या बुधवारी क्लबची शर्यत होती, दिव्याच्या उजेडात. तिच्यासाठी त्यांनी आपल्या तळघरातले सगळे मेण आणले होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या डब्या. काहींची नावे पुसलेली, काही अर्ध्या, दोन वड्या एकत्र वितळवून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि तळाशी पांढऱ्या भुकटीची एक लहानशी बाटली. भाच्याचे डोळे चमकले. भाचेसुनेचे कपाळ आखडले. ती प्रयोगशाळेत काम करते.

ती भुकटी फ्लोरिनच्या मेणाची होती. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे मेण बाजारात आले आणि त्याने खेळच बदलून टाकला. फ्लोरिनयुक्त कार्बनची ही संयुगे पाणी, तेल, धूळ, काहीच चिकटू देत नाहीत. ओल्या बर्फावर स्की पाण्यावरून सोडलेल्या दगडासारखी जाई. एका छोट्या बाटलीला शंभर युरोंहून अधिक पैसे मोजावे लागत, तरी लोक घेत. अगदी मुलांच्या शर्यतीसाठी वडील मंडळी घेत. पण जे कशालाही चिकटत नाही ते नाहीसेही होत नाही. ते स्कीवरून बर्फात, बर्फातून मातीत आणि पाण्यात जाते. त्रोन्धाइमजवळच्या ग्रानोसेन या स्कीच्या ठिकाणी संशोधकांना ते गांडुळांत आणि रानउंदरांत सापडले. आणि ज्यांनी बंद खोल्यांत वर्षानुवर्षे इस्त्री फिरवून ही वाफ छातीत घेतली, त्या नॉर्वे-स्वीडनच्या मेणकऱ्यांच्या रक्तात यातली काही संयुगे सामान्य माणसाच्या अनेक पटींनी आढळली. शरीर ती सहज बाहेर टाकत नाही, त्याला वर्षे लागतात. यातल्या एका मुख्य रसायनावर युरोपीय संघाने 2020 च्या जुलैपासून बंदी घातली. नॉर्वेने मुलांच्या शर्यतींतून फ्लोरिन त्याआधीच, 2018-19 च्या हंगामापासून काढले होते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2019 मध्ये निर्णय घेतला, पण स्कीच्या तळाचा फ्लोरिन जागच्या जागी मोजणारे यंत्र विश्वासार्ह होईपर्यंत 2023-24 चा हंगाम उजाडला. आता मोठ्या शर्यतीत स्की यंत्राखाली जाते आणि फ्लोरिन सापडला तर खेळाडू बाद.

इथे मिसळण्याचा प्रश्न एकदम वेगळा होतो. कडक-मऊचा हिशेब नखाने कळतो. फ्लोरिन नखाने कळत नाही. जुन्या ब्रशमध्ये, इस्त्रीच्या पत्र्यावर, दोन वड्या एकत्र केलेल्या त्या पुडीत तो असू शकतो, आणि एकदा लागला की पुढच्या स्वच्छ मेणातही उतरतो. म्हणून बंदी आल्यावर अनेक संघांनी ब्रश, इस्त्र्या सगळे नव्याने घेतले. म्हणजे आजोबांचा ‘कंपनी विसरा’ हा नियम आता निम्माच लागू पडतो. डबीवरचे नाव आणि साल वाचता आले पाहिजे, कारण आत काय आहे हे तेवढ्यावरूनच कळणार.

भाचा म्हणाला, “पकडीच्या डब्या तरी ठेवू. निदान त्यांच्यासमोर नको नाही म्हणायला.” भाचेसून म्हणाली, “मुलीच्या स्कीला नाव नसलेली डबी लागणार नाही. त्यांना मी सांगते, तुम्ही बोलू नका.” माझ्याकडे वळून म्हणाली, “खाला, तुम्ही चला सोबत. वडीलधाऱ्या माणसाची भेट परत करायची म्हणजे मला एकटीला जड जाईल.” आम्ही दोघी बिर्याणीचा डबा घेऊन गेलो. रिकाम्या हाताने नकार देता येत नाही, हे कोकणातही खरे आणि तिथेही.

तिने सगळे सरळ सांगितले. आजोबांनी ऐकून घेतले. मग म्हणाले की वीस वर्षे क्लबच्या मुलांच्या स्की त्यांनीच तयार केल्या, छोट्याशा खोलीत, खिडकी बंद, कारण बाहेर थंडी. धूर गोडसर असायचा. मास्क हा शब्द तेव्हा कोणी काढला नाही. वर्तमानपत्रात बातम्या यायला लागल्या तेव्हा त्यांनी भुकटी वापरणे बंद केले, पण टाकवली नाही. “महाग होती,” एवढेच म्हणाले. पुडीत गुंडाळलेल्या वड्यांत काय काय आहे, हे त्यांना स्वतःलाच आठवत नव्हते. एकेका डबीवर मात्र आठवण होती. ही अमुक वर्षीच्या ओल्या बर्फाची, ही त्या मुलाची जो पुढे राष्ट्रीय संघात गेला. भाचेसून समजूतदार. तिने खोके तसेच उचलले नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि आम्ही तिघांनी मिळून दोन ढीग केले. नाव-साल वाचता येते आणि फ्लोरिन नाही, तो एक ढीग. बाकी सगळे दुसऱ्यात. दुसरा मोठा झाला. भुकटीची बाटली आजोबांनी स्वतः त्यात ठेवली. ब्रश ठेवायला त्यांचा हात जरा रेंगाळला, घोड्याच्या केसांचा होता. मग तोही ठेवला.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर भाच्याबरोबर मीही गेले. काच, लाकूड, धातू, रंग, प्रत्येकाचा वेगळा कप्पा आणि घातक कचऱ्यासाठी लाल खोके. तिथल्या मुलीने पुडी उघडून पाहिली, वास घेतला नाही, झाकण लावले आणि सही घेतली. दर हिवाळ्यात अशी खोकी येतात, म्हणाली. विशेषतः आजोबा वारल्यानंतर.

बुधवारी हवा शून्यावर आली आणि दुपारपासून भुरभुर बर्फ पडू लागला. याला ते ‘नुलफोरे’ म्हणतात, शून्याची अवस्था. मेणकऱ्याची सर्वांत मोठी परीक्षा. बर्फ ओला होतो पण वितळत नाही. कडक लावले तर सटकते, मऊ लावले तर लाडू. बिर्केबाइनर मैदानाच्या वाहनतळावर गाड्यांची मागची दारे उघडी होती आणि प्रत्येकीत एक वडील डोक्याला दिवा बांधून वाकलेला. नॉर्वेत मूल अकरा वर्षांचे होते त्या वर्षापासून पुढेच शर्यतीचा क्रम जाहीर करता येतो. त्याहून लहान मुलांत पहिला-दुसरा नसतो, सगळ्यांना सारखेच बक्षीस. आमची दहाची. म्हणजे हे सगळे बाप कशासाठी कपाळाला आठ्या घालून उभे होते, हे त्यांनाच ठाऊक. भाचेसून गरम सरबताचा थर्मास घेऊन बाजूला उभी होती आणि मला डोळ्यांनी खुणावत होती.

आजोबा काठी टेकत आले. खिशातून पहिल्या ढिगातली एक डबी काढली, इटलीची जांभळी, नाव स्पष्ट. भाच्याने निळी एक्स्ट्रा तळाशी आधीच लावली होती. आजोबांनी हातमोजा काढला, बर्फाची मूठ करून दाबून पाहिली, आणि जांभळी अगदी पुसट, दोनच हात मारली. बुच त्यांनी स्वतः फिरवले. मुलीला म्हणाले, पहिल्या चढाला लहान पावले टाक, मग मेण धरते. तिने काय ऐकले कोण जाणे. शिट्टी झाली आणि सगळी चिमणी मंडळी झाडांकडे पळाली. दुसऱ्या वळणावर तिच्या डाव्या स्कीखाली थोडा बर्फ चिकटला. तिने स्की जोरात आपटली, तो पडला, आणि ती निघून गेली.

आजोबा म्हणाले, डावीकडे एक हात जास्त झाला.